पाटलांचं परवा

पाठीमागे हात बांधून पाटील बांधावर उभे राहायचे, शेताकडे न बघता आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "परवा येतो, भाऊ."

तुम्ही आमच्या भागातले असाल तर पुढचं सांगायला नको. नसाल तर सांगतो. ते आमच्या गावचे पोलीस पाटील. आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. मक्याच्या आड कुणी गांजाची चार झाडं लावली, तर त्याची खबर ठाण्यात देणं हे त्यांचं काम. पाटील आधी त्या माणसाला परवाची मुदत द्यायचे. मग परवा खरोखर यायचे, टोपी सारखी करून अख्खं वावर पायाखाली घालायचे आणि काही दिसलं नाही म्हणून चहा पिऊन निघून जायचे. मधल्या दिवशी झाडं उपटलेली असायची.

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवायचो. आमची घरं भिंतीला भिंत लावून. मास्तरकीच्या तोऱ्यात मी एकदा त्यांना म्हटलं, हे कायद्यात बसत नाही.

"सर, झाड उपटलं तर फकस्त खड्डा ऱ्हातो," ते म्हणाले. "मानूस उपटला तर घर बसतं."

मला ते पटलं. देवळामागच्या बाबाची चिलीम गावानं कधीची पाहिलेली, बिअर बारला तर सरकारच परवाना देतं. मग चार झाडांपायी कुणाच्या लेकराबाळांची फरफट कशाला? उपटलेली झाडं लोक जाळून टाकतात, असं पाटील धरून चालले होते.

त्यांचा एकुलता मुलगा चाकणला कंपनीत होता. खिशात गांजाची पुडी सापडली म्हणून त्याला पोलिसांनी धरलं. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. लोक म्हणाले, दिव्याखाली अंधार. मुलगा जामिनावर घरी आला तो पार बिघडूनच, आणि घरातली भांडीकुंडी नाहीशी व्हायला लागली. शेवटी पाटलांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं.

पहिल्या भेटीला मी सोबत होतो. मुलगा खाली बघत, अगदी शांतपणे बोलला. "आन्ना, तुमी परवा येतो म्हनायचा. मधल्या दिवशी मालकाला माल हलवायचा असायचा. आमी पोरं हलवायचो. त्यातलाच पयल्यांदा वढला."

परतीच्या वाटेवर मंचरला चहा घेतला, पाटलांचा पुढ्यात तसाच निवला. त्या दिवशी मला त्यांची फार दया आली. माणसानं चांगुलपणा करावा आणि तो असा घरी परत यावा.

त्याच वर्षी कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती: गांजावरची बंदी उठवावी का? विषय कळल्यावर पाटील आपण होऊन आले आणि मागच्या बाकावर बसले. मुलं तावातावानं बोलली. दारूला परवाना मग याला बेडी का, असं एका बाजूचं म्हणणं. एक आग घरात आहे म्हणून दुसरी लावायची का, असं दुसरीचं. शेवटी मी पाटलांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

"दुकान काढा, आसं माज्या तोंडून निघायचं न्हाई," ते म्हणाले. "माजं पोरगं त्यात गेलंय. पन त्याला चोर म्हनून धरलं, तितंच त्यो निम्मा मेला. आजारी म्हनून धरला आसता तर..."

ते टोपी काढून खाली बसले.

त्यानंतर पाटलांनी परवा म्हणणं सोडलं. पुढच्या हंगामात एका म्हाताऱ्याच्या मक्यात झाडं दिसली, तसे ते थेट ठाण्यात गेले. म्हातारा आत गेला. त्याची बायको रोज सकाळी पाटलांच्या ओट्यावर येऊन बसायची. बोलायची नाही, रडायचीही नाही. पाटील स्वतः तिला चहा आणून द्यायचे आणि शेजारी बसून राहायचे.

गेल्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन पाटील गेले.

दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. अशा वेळी गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल ते ताडून घरचे शब्द देतात. पाटलांचा भाऊ म्हणाला, पोराला आम्ही सांभाळू. पोराच्या मामानं त्याची सोयरीक जमवायचं कबूल केलं. मग ती म्हातारी काठी टेकत पुढं झाली आणि म्हणाली, "पाटील, माजा राग न्हाई तुमच्यावर." तरी कावळे हलले नाहीत.

मुलगा केंद्रातून आला होता. डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा. तो पिंडासमोर गेला आणि दोन्ही रिकामे तळवे उघडे करून धरले.

"आन्ना," तो म्हणाला, "परवा नका येऊ. आत्ताच बगा."

कावळा शिवला तसे लोक उठून चपला शोधायला लागले. पोरगा हात तसेच धरून उभा होता.