एका टेम्पोत दोन कारखाने

गौतम साळवे गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्याच्या दारात उभी राहून गाडीवाल्या रफिकभाईंवर ओरडत होते. कारण काय, तर ताडपत्री नीट बांधली नव्हती. फोनवर शीलावहिनी होत्या, गौतमची बायको. "मंदाताई, हे गेले हो..." एवढंच बोलल्या. मागाहून कळलं, सकाळी फिरून आला, खुर्चीत बसला आणि संपलं. मी म्हटलं, "रफिकभाई, माल उतरवा. साळवे गेले. आज गाडी जाणार नाही." रफिकभाई मटकन फुटबोर्डावर बसले. डोळे पुसले, उठले आणि म्हणाले, "मॅडम, गाडी नइं गई तो साळवेसाब मेरेकु माफ नइं करते." आणि खरंच निघाले की! माझा असा संताप झाला म्हणून सांगू... माणूस गेलाय आणि ह्यांना गाडीची पडलीय! गौतमच्या घरी पोचेपर्यंत मी रडत होते, ते दुःखानं की रागानं, हे मला आजही सांगता यायचं नाही.

आम्ही पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. तो खुलताबादच्या पलीकडच्या खेड्यातून एसटीनं यायचा, आणि वर्गातल्या मोजक्या मुलींशी बोलताना बाकीच्या पोरांची जीभ टाळ्याला चिकटायची तेव्हा हा खुशाल "मंदे, तुझी ड्रॉइंग शीट दे" म्हणून हात पुढं करायचा. पुढं तो एका मोठ्या कंपनीत लागला, माल आणायचा आणि माल धाडायचा हेच त्याचं आयुष्यभराचं काम. मी यजमान गेल्यावर त्यांचा रबरी सील बनवायचा छोटा कारखाना हातात घेतला. आमची गाठ पडायची ती लग्नकार्यात. मग त्याच्या हृदयानं कुरकुर केली, त्यानं नोकरी सोडली आणि डॉक्टरांनी आराम सांगितला. भेटायला गेले तर म्हणाला, "आराम करायला मी काय निझामाचा नातू हाय का?"

त्याच सुमारास माझ्या गळ्याशी आलं होतं. शहराच्या पलीकडं वाळूजच्या ज्या मोठ्या कारखान्याला आमचा माल जायचा, त्यांनी शेवटचं बजावलं होतं: आता एकदा जरी उशीर झाला तर ऑर्डर बंद. ती ऑर्डर गेली की माझं शटर खाली, आणि प्रेसवर काम करणाऱ्या माझ्या बायकांच्या चुली थंड. मी गौतमला फोन केला आणि विनंती करायची सोडून दरडावलंच, "घरी बसून काय माशा मारतोस? ये इकडं."

आला. आणि काय केलं? काही नाही! नुसता गोदामात उभा राहायचा. बायकांशी गप्पा मारायचा, रिकाम्या पेट्या उलट्यासुलट्या करून बघायचा. माझा जीव टांगणीला आणि हा बाबा रॅकवरची धूळ बोटानं पुसतोय. शेवटी एक दिवस मला हाताला धरून आत नेलं. "मंदे, तुझ्याकडं माल लई हाय. पण पाहिजे तो नाय." खरं होतं ते. महिनोन्महिने कुणी न मागितलेल्या सीलांनी रॅक गच्च, आणि वाळूजवाले ज्यासाठी बोंबलत होते ते सील शोधायला आमची पळापळ. त्यानं साधा नियम घातला: तिकडं जेवढ्या पेट्या रिकाम्या होतील तेवढाच माल इथं करायचा. प्रत्येक पेटीला स्टिकर लावलं. वाळूजला पेटी रिकामी झाली की तिथला माणूस मोबाइलनं तो स्टिकर टिपायचा, आणि कुठला माल संपला ते आमच्या मोबाइलवर लगेच दिसायचं. हळूहळू रॅक मोकळे झाले. मोकळं गोदाम बघून मी त्याच्याशी वाद घालायचे. आमच्याकडं भरलेलं गोदाम म्हणजे बरकत! गौतम म्हणायचा, "ही बरकत नाय, ही अडगळ हाय."

पण उशीर काही संपेना, कारण टेम्पो. टेम्पो भरेपर्यंत आम्ही थांबायचो, आणि न थांबता सोडला तर अर्धा रिकामा जायचा. रोज थोडा माल जायला हवा होता, आणि त्यासाठी टेम्पोला जोडीदार हवा होता. गौतमनं शोधला तो नेमका शेजारचा देशमुख! त्यांचाही माल त्याच कारखान्याला जायचा, पत्र्याचे ब्रॅकेट. देशमुखांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि त्यांनी कारखाना टाकला, पण चालणं अजून बांधावरून फिरल्यासारखं. त्यांच्या पत्र्याचं पाणी माझ्या आवारात पडतं, ह्यावरून आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद. मी म्हटलं, "मरेन, पण त्या माणसाच्या मालाशेजारी माझा माल ठेवणार नाही." गौतम हसला. "माल भांडत नाय गं. मालक भांडतात."

मग ह्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. इकडं चहा, तिकडं चहा. "देशमुख म्हणतात, 'अहो साळवे, बाई लई कडक हाय.' मी म्हणलं, व्हय, कडकच हाय, म्हणून तर माल चांगला हाय." मला माहीत आहे, तिकडं जाऊन माझ्या नावानं त्यानं असंच काहीतरी गोड सांगितलं असणार. अखेर ठरलं. सामाईक टेम्पो निघाला. आणि काय सांगू... मला देशमुखांची खात्री नव्हती म्हणून मी मागून गुपचूप दुसरा टेम्पो धाडला, तोच माल भरून. देशमुखांनाही माझी खात्री नव्हती, त्यांनीही धाडला! वाळूजच्या गेटवर एकापाठोपाठ तीन टेम्पो उभे, आणि गेटवरचा माणूस डोकं खाजवतोय. गौतमला कळलं तेव्हा तो आमच्या दोघांच्या फाटकांमध्ये, रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसला. हसता हसता म्हणाला, "एक गाडी वाचवायला निघालो तं तीन झाल्या!" दुसऱ्या दिवसापासून मात्र एकच गेला. ऑर्डर टिकली. पुढं आणखी दोन शेजारी आले, टेम्पोच्या जागी मोठी गाडी आली.

फक्त एक गोष्ट त्याला जमली नाही. मी आणि देशमुख एकमेकांशी बोलत नव्हतोच. दर शनिवारी तो आम्हाला गाडीच्या मागं उभं करायचा. खुर्च्या नाहीत. खुर्ची आली की चहा येतो, चहा आला की राजकारण येतं, असं त्याचं म्हणणं. "या हप्त्यात काय चुकलं?" हा त्याचा पहिला प्रश्न, आणि पहिली चूक तो स्वतःचीच सांगायचा. आम्ही? देशमुख रस्त्याला आणि विजेला दोष द्यायचे, मी देशमुखांना. हातभर अंतरावर उभे राहून "साळवे, ह्यांना सांगा", "गौतम, त्यांना विचार" असं आमचं चालायचं. तो मधे उभा राहून इकडचं तिकडं करायचा.

म्हणून तो गेल्यावर वसाहतीत सगळ्यांनी धरूनच ठेवलं की हे आता महिनाभरसुद्धा चालायचं नाही. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. स्मशानात त्रिशरण-पंचशील सुरू असताना देशमुख मागं हात जोडून उभे होते. नजरानजर झाली, तेवढीच. त्याच हप्त्यात मंगळवारी गाडी उशिरा निघाली, वाळूजहून फोन आला, आणि देशमुखांच्या माणसानं सांगितलं की खोळंबा माझ्याकडं झाला. साफ खोटं! मी स्वतंत्र टेम्पोचा भाव विचारून ठेवला.

शनिवार आला. मी ठरवलं होतं, जायचं नाही. कोण विचारणार आहे? खिडकीतून बघितलं तर देशमुख गाडीच्या मागं एकटेच उभे, हात पाठीमागं बांधून. बाकीचे शेजारी लांबून बघत होते. मग मला राहवलं नाही, गेले. मनात भांडण पक्कं करूनच गेले. रफिकभाई उगाच दोरीची गाठ सोडत होते, बांधत होते. आमच्या दोघांच्या मधली गौतमची जागा तशीच मोकळी होती, आणि त्या जागेकडं बघवत नव्हतं...

देशमुखांनी घसा खाकरला. गाडीच्या चाकाकडं बघत म्हणाले, "मंदाताई, या हप्त्यात माझं चुकलं. मंगळवारी पेट्या आमच्या भरल्या नव्हत्या. नाव तुमचं सांगितलं."

पाठ केलेलं सगळं भांडण मी सोडून दिलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. माझ्या एका पेटीवर चुकीचं स्टिकर लागलं होतं, ते मी सांगून टाकलं. मग पलीकडचा शेजारी पुढं आला आणि त्यानं त्याचं सांगितलं. सगळ्यांचं सांगून झाल्यावर मी देशमुखांकडं वळले, मधे कुणाला न घालता.

"देशमुख, सोमवारी गाडी आधी तुमच्याकडं लावू की माझ्याकडं?"