साडूंची टाकसाळ

परभणी जिल्ह्यात बोलले जाणारे निम्मे शब्द आमच्या थोरल्या साडूंच्या मालकीचे आहेत आणि उरलेले निम्मे त्यांनी लोकांना वापरायला दिलेत, असं माझ्या बायकोचं ठाम मत आहे. साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. झरीचे शेतकरी, शिक्षण सातवी. मी पूर्णेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवली आणि निवृत्तीनंतर बारा वर्षं वही घेऊन आपल्या भागातले जुने शब्द गोळा करत गावोगाव हिंडलो. तरी आमच्या घरात शब्दांचा माणूस कोण, तर दाजी! मला त्यांचा हेवा वाटतो. वाटतो म्हणजे जळफळाट होतो. सत्तरीत आता लपवायचं कशाला?

त्यांच्या तोंडी गेलं साल म्हणजे 'गुदस्ता' आणि त्याच्या आधीचं 'तिगस्ता'. मनगटावर घड्याळ असून वेळ विचारली, तर आभाळाकडे बघून म्हणणार, "कासराभर दिवस वर आलाय." बैलाच्या दोरीनं सूर्य मोजणारा हा माणूस मोबाइल मात्र माझ्यापेक्षा सफाईनं चालवतो. हे शब्द खरोखरच जुने. ते मी आनंदानं टिपून घेतले. माझं दुखणं वेगळं आहे. जिथे शब्द नसेल तिथे साडू बसल्या जागी नवा पाडतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यावर सीटवर जो हक्क मिळतो, त्याला ते 'रुमालकी' म्हणतात. एकदा पेडगावला लग्नाला जाताना त्यांनी एका बाईला "ताई, हितं आमची रुमालकी हाय" असं इतक्या गंभीरपणे सांगितलं की ती बिचारी पाटीलकी असावी तशी दबून मागे सरकली. विहिरीवरच्या मोटारीची लाइट रात्री कधी येईल या चिंतेत एक कान उघडा ठेवून काढलेली डुलकी ती 'लाइटझोप'. चहात साखर किती घालू, असं विचारल्यावर मधुमेह झालेला माणूस बायकोकडे बघत गप्प बसतो, ते 'साखरमौन'. हा शब्द त्यांनी माझ्याच घरात, माझ्यावरूनच पाडला. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही वाक्यावर तिला ठसका लागलेला नाही.

म्हणून मी नियमच केला होता, की साडूंचा घरगुती माल वहीत घ्यायचा नाही. वहीत फक्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शब्द. या नियमातून एक शब्द निसटला. 'उंबरवेळ'. पाहुणा "येतो" म्हणून उठतो, तिथपासून तो उंबरा ओलांडेपर्यंत जाणारा वेळ. साडू हा शब्द सहज बोलून गेले आणि मला तो इतका जुना, इतका देखणा वाटला की मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. हावरटपणा, दुसरं काय! माझं पुस्तक छापून झालं तेव्हा त्यात 'आपल्या पूर्वजांची कालगणना' या विषयावर दोन पानं होती आणि ती सबंध या एका शब्दावर उभी होती.

प्रकाशनाच्या आठ दिवस आधी मी मोठ्या ऐटीत पहिली प्रत घेऊन झरीला गेलो. साडूंनी चष्मा लावला, ती दोन पानं सावकाश वाचली आणि विचारलं, "सर, ह्यो शब्द कुठला म्हनायलात तुमी?"

"तुमच्याच गावचा. तुमच्याच तोंडून ऐकलाय."

"अवो, ह्यो तर मीच बनवलाय!" त्यांना हसू आवरेना. "गुदस्ता तुमी आमच्याकडून निघायला दीड घंटा लावला का न्हाई, तवा!"

पुस्तकं बांधून आली होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या. प्रमुख पाहुणे म्हणून मी एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं होतं, आणि ते पुस्तकातल्या चुका शोधण्याबद्दलच प्रसिद्ध. बारा वर्षांची इज्जत आता साडूंच्या जिभेवर होती, आणि ती जीभ कधी गप्प बसल्याचं मला आठवत नव्हतं. तुम्ही कार्यक्रमाला येऊ नका, असं सांगायचं ओठांवर आलं होतं. पण बायकोनं त्यांना आधीच फोन केला होता. शिवाय पहिल्या रांगेतली खुर्चीही कबूल केली होती!

परभणीत ग्रंथालयाच्या सभागृहात कार्यक्रम झाला. प्राध्यापकांनी भाषणात पुस्तकाचं कौतुक केलं, मग पान उघडून माझ्याकडे वळले. "हा उंबरवेळ मी चाळीस वर्षांत कधी ऐकला नाही. कुणी वापरतं का हो हा शब्द?" मी उभा राहिलो. खोटं सांगवेना आणि खरं सांगायचं धैर्य होईना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"आमच्या झरीत म्हनतेत की सायेब. माजी आजी म्हनायची. लय जुना शब्द हाय."

इतकं शांतपणे बोलून साडू खाली बसले. प्राध्यापकांनी खिशातली डायरी काढून शब्द अर्थासकट लिहून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर चहा घेताना मी त्यांना बाजूला घेतलं. "कशाला खोटं बोललात?"

"खोटं कुठं? सुचला असता तर म्हातारी म्हनलीच असती की!" म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून झरीच्या बसकडे चालू लागले. मी आभारसुद्धा मानले नाहीत.

त्यांना पाठमोरं जाताना बघून मला काय वाटलं, ते अजून नीट सांगता येत नाही. कृतज्ञता म्हणावी तर आत जळत होतं. हेवा म्हणावा तर डोळे भरून आले होते. ज्याच्यावर जळायचं त्यानंच आपली लाज राखावी, त्या वेळी पोटात जे होतं त्याला माझ्या बारा वर्षांच्या वह्यांत शब्द नाही. आपणच एखादा पाडावा म्हणून मी महिनाभर कागद घेऊन बसतोय. एकही टिकत नाही. साडूंना विचारलं तर चहा निवायच्या आत देतील. पण त्यांना शब्द विचारायचा, म्हणजे आधी मला काय वाटतं ते सांगावं लागेल.