अम्पोन्सा मास्तरांनी सासऱ्याचं इंजिन सुधारलं

कुमासीच्या आमच्या गल्लीत विद्वान एकच, अम्पोन्सा मास्तर. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. उष्णता या विषयावर तर असा हात की पंखा नसलेल्या वर्गातही पोरींना झोप लागायची. सासरा डोंकोर मात्र पडला फिटर. सुआमेच्या गॅरेजांत चाळीस वर्षं घालवलेला, अक्षरशत्रू माणूस. असल्या माणसाची मुलगी केली हा आपला मोठेपणा, असं मास्तर तोंडानं कधी म्हणाले नाहीत. चेहऱ्यावर ठेवायचे.

लग्नात डोंकोरनं लेकीला गाडी दिली होती. खालचं इंजिन एका मोडीत निघालेल्या गाडीचं, वरचं हेड दुसऱ्याच मॉडेलचं, पण अठरा वर्षं कुरकुर नाही. आजारी पडल्यावर म्हातारा लेकीला म्हणाला, "सेर्वा, मला पोचवायला ह्याच गाडीतून ये." आणि गेला. शनिवारी त्याच्या गावी, एफिदुआसेला माती द्यायची ठरली. दहा वाजता पेटी बंद होणार, त्याआधी लेकीनं बापाच्या अंगावर कापड घालायचं. दहानंतर पोचलं तर बापाचं तोंड दिसायचं नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मास्तरांना गाडीखाली पाण्याचे चार थेंब दिसले.

"अहो, सार्पोंगकाकांना बोलावू," सेर्वा म्हणाली. सार्पोंग म्हणजे डोंकोरचा जुना जोडीदार.

"फिटरांना काय कळतं? ठोकाठोकी!" म्हणत मास्तरांनी त्या गाडीचं छापील पुस्तक उघडलं. अंगणात चादर पसरली, नटबोल्टचे पाने ओळीनं मांडले आणि तीन दिवस गाडीची चिरफाड चालली. पाण्याचा पंप बदलला. तो बदलायचा तर इंजिनाची वरची-खालची चाकं एका तालात फिरवणारा टायमिंगचा पट्टा उतरवावा लागतो, तोही नवा घातला. पट्टा बसवायच्या खुणा पुस्तकात होत्या तश्शा जुळवल्या. वरच्या चाकावर दोन दात सोडून कुणीतरी पिवळ्या रंगाचा ठिपका दिला होता, तो मास्तरांनी रॉकेलनं घासून स्वच्छ केला.

"अहो, तो ठिपका—"

"चहा टाक."

पुढे लक्षात आलं की गाडीत थर्मोस्टॅटच, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरणारी झडपच, नाही. मास्तरांना केवढा आनंद! आमच्याकडे एकाही फिटरनं गाडीत थर्मोस्टॅट राहू दिलेला नाही. थंड मुलखातल्या लोकांची चैन ती, इथे काय कामाची, म्हणून काढून फेकतात. "बघ तुझ्या वडिलांचं ज्ञान!" असं सुतकातल्या बायकोला ऐकवून मास्तर बाजारात गेले, नवा कोरा थर्मोस्टॅट आणला आणि बसवला.

"पण बाबांनी ती बारकी नळी—"

"सेर्वा, उष्णता कोण शिकवतं? तू की मी?"

शनिवारी सकाळी सात वाजता दुखवट्याची लाल-काळी वस्त्रं नेसून दोघं गाडीत बसली. मास्तरांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली, कशीबशी सुरू झाली. चढ लागला तशी बैलगाडीच्या वेगानं रांगू लागली. पाव तासात काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले.

मास्तर खाली उतरले. आधी म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. मग म्हणाले, रेडिएटर चोंदलाय. मग ठिणगीची वेळ साधणारा डिस्ट्रिब्युटर डावीकडे फिरवून पाहिला, उजवीकडे फिरवून पाहिला. गाडी दोन्हीकडून सारखीच खोकत होती. शेवटी त्यांनी पुस्तक काढलं आणि भर रस्त्यात वाचायला उभे राहिले. आठ वाजून गेले.

सेर्वानं त्यांच्या हातून पुस्तक काढून घेतलं आणि मागच्या सीटवर फेकलं.

"पुस्तक ज्या गाडीचं, त्या गाडीचं हे हेडच नाही! त्या खुणा इथे चालत नाहीत. म्हणून बाबांनी दोन दात पुढे ठिपका दिला होता. तो तुम्ही पुसलात! थर्मोस्टॅट काढला तेव्हा त्यांनी ती बारकी नळी बोल्ट ठोकून बंद केली. तुम्ही थर्मोस्टॅट परत बसवलात, नळी तशीच. आता गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो उघडणार कधी, पुढच्या जन्मी?"

"मग आधी नाही का सांगायचं?" मास्तर म्हणाले. खरंच म्हणाले हो, लाज नाही वाटली.

"दोनदा सांगायला गेले. बाबांचा हात होता त्या इंजिनात, अहो. माणूस गेला, हात तेवढा राहिला होता, आणि तुम्ही तोही उपसून काढलात!" सेर्वा रडत होती आणि रडतारडताच पाने काढत होती.

इंजिन निवायला अर्धा तास गेला. तिनं नेसलेला कपडा कमरेला खोचला, आवरण उघडलं, पट्टा सैल केला, दोन दात मोजले, पट्टा घट्ट केला. थर्मोस्टॅट काढून गटारात भिरकावला. नवं पाणी ओतून हवा काढली. मग इंजिन सुरू करून, डिस्ट्रिब्युटर हातात धरून, डोळे मिटून, केसभर केसभर फिरवत राहिली. एका जागी खोकला थांबला आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. मास्तरांना काम होतं, पाण्याचा डबा धरायचं. ते त्यांनी चोख केलं.

पुढे सेर्वानंच गाडी हाणली. दहाला सात मिनिटं बाकी होती तेव्हा एफिदुआसेत शिरली. डोंकोरच्या दारात सुआमेचे फिटर उभे होते. आवाज ऐकून सार्पोंग पुढे आला आणि बॉनेटवर तळवा ठेवला.

"डोंकोरचाच हात," तो म्हणाला. "जावईबापू, तुम्ही ह्याला शिवला नाहीत हे फार बरं केलंत."

गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण मास्तर म्हणाले, "शिवलो होतो. वाट लावली होती. हिनं सुधारलं." जन्मात पहिल्यांदा मास्तर एवढं थोडक्यात बोलले.

सेर्वा तोवर कापड घेऊन आत धावली होती. कोपरापर्यंत काळं तेल. पेटीपाशी आत्यानं तिला अडवलं. "अगं, असल्या हातांनी? जावई, साबण आणा, पाणी आणा, पटकन!"

मास्तर धावले, साबण घेऊन आले.

"नको," सेर्वा म्हणाली. "लहानपणी त्यांच्याजवळ बसून हे हात रोज काळे व्हायचे. लग्न झालं तसे म्हणाले, आता गॅरेजात येऊ नकोस, मास्तरांना कमीपणा वाटेल. अठरा वर्षं त्यांनी हे हात काळे बघितले नाहीत. आज बघू देत."

तिनं कापड पसरलं, काळ्या बोटांनी बापाच्या छातीवर नीट केलं. काठाला डाग पडले. मास्तरांनी हातातला साबण गुपचूप खिशात टाकला.