शिमग्यापर्यंत अडलेली सही

हातखंब्याच्या तिठ्यावर दीपालीची टपरी आहे. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा. रस्ता रुंद करणाऱ्यांनी ती दोनदा मागं ढकलली. तिसऱ्यांदा मुकादम आला तेव्हा ही बाई उलथनं हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "आता हितनं हलणार नाय. मागं चिऱ्याचा गडगा हाय. घावणे काय गडग्यावर घालू?" मुकादम आला तसा गेला. मी रोज तिथं एसटी बदलते, त्यामुळं हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अशा बाईला एका सहीनं लटकवून ठेवलं, याचा माझा राग अजून उतरलेला नाही.

तिचा नवरा संदेश मुंबईला गोदामात कामाला. गावी येणार तो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. यंदा डिसेंबरात भावाच्या लग्नाला म्हणून आला, आणि जानेवारी संपता संपता दीपालीला कळलं की आपल्याला दिवस गेलेत. तांबी बसवलेली होती, ती सरकली होती. दोन्ही बाळंतपणं सिझरची, दुसऱ्या वेळी रक्त जाऊन ती जाता जाता राहिलेली. मला म्हणाली, "ताई, मला हे नको. हायत त्या दोन पोरांना आय पायजे."

शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासलं. वेळेत आलात, म्हणाले, नऊ आठवड्यांच्या आत आहात, गोळ्यांनीच होईल. पण माझ्या देखरेखीखाली घ्यायच्या. ती सुटल्यासारखी बाहेर आली, तर काउंटरवरची बाई म्हणते, "मिस्टर कुठायत? त्यांची सही लागेल."

"ते मुंबईला."

"मग आले की या."

झालं! कायद्यात अशी सही कुठंही नाही. बाई अठरा वर्षांची झाली की तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची नको, सासूची नको. पन्नास वर्षांहून जुना कायदा. आम्हा दोघींना तो ठाऊक नव्हता, कबूल. पण ज्यांनी दारावर गर्भपात केंद्राची पाटी लावलीय त्यांना ठाऊक नसावा? की ठाऊक असून उद्या नवरा येऊन भांडेल म्हणून आपली कातडी वाचवायची, आणि तिची गेली तर गेली?

फोनवर संदेश म्हणाला, "मी नको म्हणतोय का? पण आता सुट्टी नाय. शिमग्याला येतोच हाय, तेव्हा करतो सही." माणूस वाईट नाही. सासू सोनूबाईही वाईट नाही. ती म्हणाली, "वायच दम धर गो. घरचा पुरुष येल्याबिगर पाऊल उचलू नको. पालखी घरी येऊन जाऊ दे."

आमच्याकडं हे असंच. छपराचे पत्रे बदलायचे, विहिरीचा गाळ काढायचा, पोरीचं स्थळ बघायचं, सगळं चाकरमानी येईपर्यंत तसंच ठेवायचं. पत्रे थांबतात हो, गाळही थांबतो. पोट कसं थांबेल? हा साधा विचार एवढ्या माणसांत कुणालाच सुचला नाही. दीपाली तेलाच्या वासानं ओकत होती आणि पुन्हा तव्यापाशी येऊन उभी राहत होती. तिठ्यावरच्या एकानं गुपचूप गोळ्या आणून देतो म्हणून सांगितलं. ती त्याच्यावर खेकसली. "मागल्या खेपेला रक्तात लोळत होते मी. तपासणारं कोणी नसताना टपरीच्या मागं बसून गोळ्या गिळू?"

शिमगा आला. संदेश आला, त्यानं पालखी खांद्यावर घेऊन नाचवली आणि पालखी घरोघरी फिरून झाल्यावर बायकोला घेऊन त्याच दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने उलटले. आता गोळ्यांचं काम राहिलं नाही, मी ही केस घेत नाही. इतके दिवस काय करत होतात?"

इतके दिवस काय करत होतात! ज्याच्या काउंटरवरून परत पाठवलं त्यानंच हे विचारायचं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. दीपाली त्या दिवशी टपरीवर आली आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. "ताई, आता काय होईत नाय म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दोघांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथली डॉक्टरीण चिपळूणकडची, बोलायला तुटक. पण तिनं सगळं ऐकून घेतलं, तपासलं, सोनोग्राफी पाहिली. "वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तुम्ही पुष्कळ आत आहात. फक्त आता भरती व्हावं लागेल. आधीची सिझर आहेत, रक्त तयार ठेवू. तुमचं नाव इथून बाहेर जाणार नाही."

संमतीचा कागद पुढं आला. संदेशनं ऐटीत खिशातून पेन काढलं.

"तुमची नको," डॉक्टरीण म्हणाली. "यांची."

"मग मी आलो कशाला?"

दीपालीनं त्याच्या हातातलं पेन घेतलं. "पालखी नाचवायला," म्हणाली, आणि सही केली.

सगळं नीट पार पडलं. पण जे पहिल्याच खेपेला गोळ्यांनी झालं असतं त्यासाठी खाटेवर पडावं लागलं, रक्ताची पिशवी चढली, टपरी बंद राहिली, आणि कितीतरी दिवस ती भिंत धरून चालत होती. याचा जाब कुणाला विचारायचा? त्या दवाखान्याची पाटी अजून तशीच चकचकीत आहे.

परवा टपरीवर रुबिना आली. शेजारच्या वाडीतली, कडेवर पोर. नवरा नुकताच कुवेतला परत गेलेला. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतानाही दिवस राहिले होते, आणि त्याच काउंटरवरून तिला तेच ऐकवलं होतं, मिस्टर आले की या.

"ते दोन वर्षांनी येतील," रुबिना म्हणाली.

"तोवर पोर चालाया लागंल!" दीपालीनं चूल विझवली. गिऱ्हाईक उभं होतं. त्याला म्हणाली, आज घावणे नाय. उलथनं माझ्या हातात दिलं आणि रुबिनाला घेऊन रिक्षात बसली.

पुढचं तिनंच सांगितलं. काउंटरवरच्या बाईनं पुन्हा विचारलं, मिस्टर कुठायत?

"मिस्टर कुवेतला. बाई हितं हाय," दीपाली म्हणाली. "नवऱ्याची सही कुठल्या कायद्यानं लागते, तेवढं आम्हाला लिहून द्या. आम्ही जातो."

ती बाई आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली. लिहून काही दिलं नाही. पेन दिलं, रुबिनाच्या हातात.