शिंगाड्याच्या चकल्या

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर जेवढे डबे आहेत त्या प्रत्येकावर आईच्या हस्ताक्षरात चिठ्ठी आहे. ती लिहायला शिकली तीच या डब्यांवर. लग्न होऊन अंबरनाथच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. बाबा कारखान्यातून आले की रोज एक शब्द कागदावर लिहून द्यायचे. ती दिवसभर तो गिरवायची आणि मनासारखा जमला की कापून डब्यावर चिकटवायची. तूरडाळ. साखर. रवा. पुढे तिने एक नियम केला. जी वस्तू घरात कायमची राहणार तिलाच चिठ्ठी. कुणी आणून दिलेले काजू, सहज घेतलेला खाऊ, असलं सगळं बिनचिठ्ठीच्या डब्यात.

‘भाजणी’ असं लिहिलेला डबा अजून अर्धा भरलेला आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्याकडे चकल्या होतात, त्यासाठी तिने मार्चमध्येच तांदूळ आणि डाळी भाजून ठेवल्या होत्या. जयंतीच्या आठ दिवस आधी ती गेली.

मी साताऱ्याकडे एका शाळेत ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही. भाड्याच्या दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं, आणि संध्याकाळी कुणी काही विचारत नाही अशी शांतता, एवढा माझा संसार. आईसाठी आले ती एक बॅग घेऊन. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, नातेवाईक आपापल्या गाड्यांनी गेले, आणि बदलापूरच्या शिरगावातल्या तिसऱ्या मजल्यावर बाबा आणि मी उरलो. बॅग मी दाराच्या मागेच ठेवली होती. कपडे त्यातूनच काढायचे आणि धुऊन त्यातच ठेवायचे. जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. मुख्याध्यापिकांनी फोनवर विचारलं, “याल ना?” मी म्हटलं, “येईन.” बाबा धड जेवायला लागले की मी निघणार, एवढंच मनाशी ठरवलं होतं.

पण बाबा जेवत नव्हते. हिवाळ्यात त्यांचं पोट बिघडलं होतं आणि पोटाच्या डॉक्टरांनी काही महिने एकही धान्य नको म्हणून सांगितलं होतं. गहू नाही, तांदूळ नाही, ज्वारी-बाजरी नाही. मुगाची डाळ चालेल, तळलेलं मात्र नको. आई होती तोवर ती काहीबाही करून त्यांना भरवायची. मी केलेली दुधी, मी उकडलेली अंडी ते दोन घासांत बाजूला सारत. तक्रार करत नसत. “पोट भरलं, बाय,” एवढंच म्हणायचे. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक नवीन भोक पाडलं, पंधरा दिवसांनी आणखी एक. तेही स्वतःच, पेपर पसरून, मन लावून.

माझे दिवस त्यांच्या ताटाभोवती फिरू लागले. समोर पुस्तक उघडं असायचं, पान उलटायचं नाही. भाजीला खाली उतरले तरी मनात हिशेब चालू, आता ते उठले असतील, आता गॅसकडे गेले असतील. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची तशीच खिडकी दिसते. तिथली बाई आणि मी दिवसातून कितीदा तरी समोरासमोर यायचो आणि दोघीही नजर खाली घालायचो.

एकदा दुपारी ताट सारून बाबा म्हणाले, “चकली असती तर गेले असते दोन घास.”

त्यांची नजर ‘भाजणी’च्या डब्यावर होती. त्या भाजणीत अर्धा तांदूळ होता.

संध्याकाळी अंबरनाथहून आत्या आली. ती तिथे पालेगावला राहते, बाबांहून चार वर्षांनी लहान, आणि आमच्या घरात मोठ्याने बोलणारी एकटीच. मी तिला डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं.

“धान्य नाय, तळण नाय, मग चकली कसली करतेस? नुसता आकार?” ती म्हणाली. “एवढी पुस्तकं वाचलीस, एक चकली सापडंना होय?”

ते मला लागलं आणि मी खरंच शोधायला बसले. मग वाटलं, किती सोपं आहे. उपवासाला लोक धान्य खात नाहीत, म्हणजे उपवासाच्या पिठात धान्य नसणार. आमच्या घरात उपवास कधी झालेच नाहीत, त्यामुळे ही वाट मला उशिरा सुचली, आणि ती चुकीची आहे हेही त्याचमुळे कळलं नाही. स्टेशनजवळच्या दुकानातून मी उपवासाच्या भाजणीचं पाकीट आणलं. उकड काढली, चकल्या पाडल्या, आत्याच्या मुलाने दिलेल्या एअर फ्रायरमध्ये भाजल्या. बाबांनी दोन खाल्ल्या. तिसरी हातात घेऊन म्हणाले, “आईसारखी नाही. पण आहे.” मला रडू आलं ते मी भांडी घासताना उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोट धरून कॉटवर बसले होते. “काय घातलं होतंस त्यात?”

मी पाकीट आणून दिलं. बाबा छापलेलं सगळं वाचतात, औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांसह. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, “राजगिरा, साबुदाणा, वरी.” वरी हे धान्यच आहे, उपवासाला तेवढं चालतं, हे समोरच्या खिडकीतल्या बाईने मला नंतर सांगितलं. आम्ही बोललो ते तेव्हाच पहिल्यांदा. पण बाबा वरीपाशी थांबले नव्हते. पाकीट उलटून ते पुढच्या बाजूची मोठी अक्षरं बघत होते.

“उपवासाचं आणलंस?”

“पीठ म्हणून आणलं, बाबा.”

त्यांनी चष्मा काढला. मग बोलले ते माझ्याशी नव्हे, पाकिटाशी बोलल्यासारखं. “आमची आय उपास धरायची. साबुदाणा कुणी बघितला होता? उपास म्हणजे पाणी. घरात दाणा नसला की आय म्हणायची, आज उपास हाय. छप्पन्न साली दीक्षा घेऊन देव नदीत सोडून आलो त्या दिवशी माझ्या बापाने सांगितलं, आता भूक लागली की भूक म्हणायची. तिला देवाचं नाव द्यायचं नाही. मी आठ वर्षांचा होतो.” त्यांनी पाकिटाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. “दुसऱ्यांनी खुशाल करावं. या घरात नको.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी पाकीट हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. डॉक्टरांचं एक नको, बाबांचं दुसरं नको, आणि दोन्हींच्या मध्ये दीड हात जागा. भिंतीवरच्या दोन तसबिरींशेजारी आता आईची तिसरी होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

आठवडाभर चकलीचा विषय निघाला नाही. बाबांच्या अंगातला सदरा आणखी सैल झाला. मी पुन्हा शोधत बसले आणि प्रत्येक वाट दुकानातल्या उपवासाच्या फळीपाशीच जाऊन थांबत होती. शिंगाड्याचं पीठ धान्य नाही, पाण्यातल्या फळाचं पीठ. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हेही मला तेव्हाच कळलं, आणि हिंग बंद झाला. शेवटी एका सकाळी उल्हासनगरला गेले. तिथल्या एका सिंधी किराणावाल्या मावशींकडे हे पीठ सुटं मिळतं.

“कौनसा व्रत है, दीदी?” त्यांनी तराजूत टाकता टाकता विचारलं.

“व्रत नहीं है.”

“तो दो किलो क्या करोगी? इसकी तो रोटी भी टूटती है.”

“चकली.”

त्यांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. “तब तो भगवान ही मालिक है,” म्हणाल्या, आणि वर मूठभर पीठ जास्त टाकलं.

त्यांचं खरं ठरलं. नुसत्या शिंगाड्याची चकली सोऱ्यातून बाहेर पडतानाच तुटायची. तुकडे ताटात पडायचे आणि मी ते गोळा करून पुन्हा मळायची. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी मुगाची डाळ मऊ शिजवून, पाणी पूर्ण निथळून, घोटून त्यात मिसळली. तीळ, ओवा, तिखट, मीठ, दोन चमचे कडकडीत तेल. पीठ हाताला चिकटेनासं झालं. सोऱ्या दाबला तर अख्खं वेटोळं पडलं. वरून तेलाचं बोट फिरवलं आणि मंद भाजल्या. रंग आईच्या चकलीपेक्षा काळपट आला, वासही मातीसारखा.

या वेळी मी आधीच सांगितलं. “बाबा, हे शिंगाड्याचं पीठ आहे. लोक हेही उपवासालाच खातात.”

त्यांनी चकली उचलली, वास घेतला. “आणि बांधलीस कशाने?”

“मुगाच्या डाळीने.”

“डाळ उपवासाला चालते?”

“नाही.”

“मग मोडला की उपवास.” त्यांनी तुकडा तोडला. “मोडलेला चालतो मला.”

आई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. त्या दिवशी त्यांनी पाच खाल्ल्या, दह्याबरोबर. दुसऱ्या दिवशीही. चकलीबरोबर दुधी जाऊ लागली, मासळी जाऊ लागली. मे संपता संपता ते पट्टा एक भोक मागे लावू लागले.

मग मी हळूहळू सांगायला घेतलं, की जूनमध्ये मला जावं लागेल. सोऱ्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही हातांनी दाबला, अर्धं वेटोळं पडून थांबलं. “ताकद नाही राहिली, बाय.” आत्याला विचारलं तर तिने पदर खोचून एक घाणा करून बघितला. सगळ्या तुटल्या.

“मला नाय ह्ये जमायचं. माझा जन्म तांदळावर गेला,” ती म्हणाली. “आणि तू आहेस की. पुस्तकं काय पळून चालली?”

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी दहा दिवसांच्या करून ठेवल्या तर? तीन दिवसांत मऊ पडतात, ते मी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा ते टेबलापाशी बसून काहीतरी लिहीत होते. वहीचा कागद, पट्टी, कात्री. अक्षरं मोठी आणि सुटी, आईला गिरवायला देत असतील तशी. कडा सरळ कापून त्यांनी कागदाला डिंक लावला आणि फळीवरून बिनचिठ्ठीचा डबा उतरवला. दोन्ही अंगठ्यांनी दाबून दाबून चिठ्ठी चिकटवली. ‘शिंगाडा’. डबा ‘भाजणी’च्या शेजारी ठेवला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

“सरळ लागलीय ना?” त्यांनी विचारलं.

“सरळ आहे,” मी म्हणाले.

दुपारी ते पडले तेव्हा मी मुख्याध्यापिकांना फोन केला. त्या चांगल्या बाई आहेत, म्हणाल्या, कधीपर्यंत ते एकदा कळवा. मी म्हटलं, कळवते. मग दारामागची बॅग आत आणली, कपडे काढून आईच्या कपाटातल्या रिकाम्या कप्प्यात लावले, आणि उद्याच्या चकल्यांसाठी मुगाची डाळ भिजत घातली.