आप्पांच्या मोटारीचं कातडं

खुर्दाद महिना, फसली सन १३४८, म्हणजे इंग्रजी एप्रिल १९३९. मी कातड्याच्या दोन पट्ट्या उन्हात पसरत होते, एक बदामी, एक काळपट. समोर उभे होते शिवलिंगआप्पा, पूर्ण्याचे कापसाचे व्यापारी. त्यांनी जुनी मोटार घेतली होती, सीटा फाटलेल्या. नवं कातडं कोणत्या रंगाचं, यावर आठ दिवस घोळ चालला होता.

आमचं घर खोगिरं शिवणारं. माझे मालक वारल्यावर आरी माझ्या हातात आली. पण घोडी कमी झाली, मोटारी वाढल्या. गावातले आणखी दोन मोटारवाले आप्पांच्या सीटा बघून ठरवणार होते. ते जमलं तर दुकान राहणार, नाहीतर कुलूप.

"बदामीच लावा," आप्पा म्हणाले. "सायबाच्या मोटारीत तसंच असतंय."

"काला लगाव बाई, मैल नै दिखता," ड्रायव्हर रसूल म्हणाला. मोटार तोच पुसायचा.

भर दुपारी मी आप्पांना काळपट पट्टीवर बसवलं. ते ताडकन उठले. "तवा हाय का हे!" मग बदामी पट्टीला डोकं टेकवायला लावलं. टाळूएवढा तेलाचा डाग उमटला. रसूल तोंड फिरवून हसला. ठरलं: बसायला बदामी, पाठीला काळपट. स्प्रिंगांवर काथ्या भरून, दुहेरी टाका घालून मी बारा दिवसांत काम संपवलं.

पहिली फेरी आप्पांच्या आईची, म्हणजे अव्वांची, गुरूंच्या मठापर्यंत. त्यांच्याआधी मोटारीत कुणी बसायचं नाही, असं आप्पांनी जाहीर केलेलं. दोन्ही मोटारवाले बघायला हजर.

अव्वांनी सीटेवर बोट टेकवलं. "कशाचं हाय गं?"

"मेंढराचं, अव्वा. चांगलं कमावलेलंय."

"गळ्यात इष्टलिंग हाय माज्या. पूजा करून कातड्यावर बसू? मी न्हाई यायची."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते मेंढरू मीच व्याले होते. मोटारवाले खाकरले. मी मनात दुकानाचं कुलूप शोधायला लागले.

अव्वा घरात गेल्या आणि जाडजूड घोंगडी घेऊन आल्या. पाठीपासून पायापर्यंत पसरली, वर बसल्या. "चल आता."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "अव्वा, ही बी मेंढराचीच की."

"लोकर सोवळी असती. येवढं बी कळंना व्हय तुला?"

मोटार गेली. बदामी दिसेना, काळपट दिसेना. दोन्ही मोटारवाल्यांच्या घरी अव्वांसारखी आई होती. त्यांनी कातड्याचं नावही काढलं नाही. एकानं विचारलं, "बाई, घोंगडी सरकू नये म्हणून बंद शिवून देता का?" दुसरा म्हणाला, "मला बी."

गिऱ्हाइकाला रंग विचारू नये. आधी घरातलं कोण बसणार ते विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बंद लावून विकायला घोंगड्या आणाव्यात म्हणून, मी ताडकळसच्या बाजारात गेले. धनगरानं विचारलं, "काळी देऊ का करडी?"

"जी सरकणार न्हाई ती दे," मी म्हणाले आणि सहा उचलल्या.