स्वतंत्र संगणक

बाबीकाकी छापलेला कागद कधी अर्धवट सोडत नसत. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा बोट ठेवून मोठ्याने वाचायच्या. "छापलाय म्हंजे कोणीतरी शब्द दिलाय," असं म्हणायच्या. माहेर पेणकडचं, मिठागरात राबणारं. रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात त्या आमच्या शेजारी राहत.

नव्वदच्या दशकात रोह्यात कॉम्प्युटर क्लास निघाला. पत्रकात लिहिलं होतं, 'प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र संगणक'. काकींची सुगंधा आणि मी नुकत्याच बारावी झालो होतो. दोघींनी नाव घातलं. सुगंधाच्या फीसाठी काकींनी त्या वर्षी घराची कौलं बदलली नाहीत.

क्लासमध्ये वीस मुलांत दोन संगणक होते आणि त्यातला एक बंद. आम्ही पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून त्यावर बोटं आपटायचो. महिनाभराने हे काकींना कळलं, तेव्हा त्या पत्रक घेऊन थेट चालकासमोर उभ्या राहिल्या.

"स्वतंत्र म्हंजे काय?"

"काकी, कॉम्प्युटरमधलं तुम्हाला कळायचं नाही."

"कॉम्प्युटर नाय कळत. मराठी कळतं."

तो हसला. काकींनी अलिबागच्या ग्राहक मंचात तक्रार केली. अर्जावर सहा पालकांनी सह्या केल्या, त्यात माझे बाबाही होते. मग चालकाने घरोघर जाऊन मुलांना प्रमाणपत्र द्यायचं कबूल केलं आणि एकेकाने सही मागे घेतली. बाबांनीही घेतली. मला पुठ्ठ्यावरच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं. मी ते नोकरीच्या अर्जाला जोडलं आणि कंपनीत लागले. काकी आमच्याकडे येऊन एवढंच म्हणाल्या, "भावजी, निदान मला सांगायचं तरी."

पुढे त्या एकट्याच एसटीने अलिबागला जात राहिल्या. समोरचा हजर नाही, वकील आजारी, कागद मिळाला नाही, पुढची तारीख. तीन वर्षं हेच चाललं. निकाल काकींच्या बाजूने लागला, तेव्हा क्लासच्या जागी चपलांचं दुकान होतं आणि चालक कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं. सुगंधा तोवर लग्न होऊन पेणला गेली होती.

शेवटी काकी आजारी पडून तिच्याकडेच राहायला गेल्या. मी भेटायला गेले, तर खाटेवरून त्यांनी विचारलं, "तुला येतो गो आता कॉम्प्युटर?"

"येतो. ऑफिसातच शिकले."

"मग सुगंधाला शिकव."

"आई, आता कशाला?" सुगंधा म्हणाली.

"आता कशाला म्हंजे? तिचा शिकायचा राहिलाय तो राहिलाच हाय ना?"

मी हो म्हटलं. दर रविवारी येईन असंही म्हटलं. नंतर जमलं नाही. खरं तर मी जमवलं नाही. पुन्हा पेणला गेले ती काकी वारल्यावरच. सुगंधाने मला आत बोलावलं, चहा दिला, मुलांची चौकशी केली. रविवारचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.